‘फक्त ओठ हलवावेत’: शाळा व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत आपलं परिपत्रक लागलं. पहिली ते तिसरीच्या मुलांची स्वरचाचणी घ्यावी, त्यातून 30 मुलांचा गायनवृंद निवडावा आणि उरलेल्यांनी वार्षिक कार्यक्रमात मागच्या रांगांत उभं राहून ‘फक्त ओठ हलवावेत’, असं त्यात म्हटलं आहे. कार्यक्रम होईपर्यंत दोन तुकड्यांचा संगीताचा तास एकत्र आणि तोही सभागृहात होणार. मोडतोड आणि गोंगाट नको म्हणून वाद्यं कपाटात जाणार. ज्यांचा गृहपाठ अपुरा असेल, ती मुलं संगीताच्या तासाला तो पुरा करत बसणार.

मी आधी मुख्याध्यापकांना भेटले, मग समितीला लेखी निवेदन दिलं. ‘कार्यक्रमापुरतंच आहे, नंतर बघू’ असं तोंडी उत्तर मिळालं. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. आपल्या मुलाला मागच्या रांगेत का उभं केलं, हे पालकांना कळायला हवं. आणि अशी परिपत्रकं फक्त आपल्याच शाळेत निघतात, असंही नाही.

मी 22 वर्षं लहान मुलांना संगीत शिकवते आहे. ‘ओठ हलव’ हे वाक्य मला परकं नाही, कारण ते मी स्वतः एकदा वापरलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कार्यक्रम तोंडावर आला होता आणि दुसरीतली एक मुलगी सगळं गाणं एकाच खालच्या सुरात, पण अगदी मनापासून आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या प्रेमाने सांगितलं, ‘बाळा, तू नुसते ओठ हलव हं, छान दिसशील.’ तिने मान डोलावली. कार्यक्रम उत्तम झाला. तीन आठवड्यांनी साध्या तासाला आम्ही तिचं आवडतं गाणं म्हणत होतो. माझं तिच्याकडे सहज लक्ष गेलं. ओठ हलत होते, शब्द बरोबर होते, चेहरा हसरा होता आणि घशातून आवाज येत नव्हता. मी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं आणि ती ते ऐकत होती. ते कधी थांबवायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

तिचा आवाज परत यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला जे कळलं, ते माझ्या संगीताच्या पदवीने शिकवलं नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे गाण्याची पट्टीच, म्हणजे गाणं किती उंच सुरावरून म्हणायचं तेच, चुकलं होतं. ती मी माझ्या गळ्याला सोयीची ठेवली होती. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा सहज आवाज साधारणपणे कीबोर्डवरच्या मधल्या ‘सी’च्या वरच्या ‘डी’पासून ‘ए’पर्यंत फिरतो. माझं गाणं त्याच्या बरंच खाली जात होतं. खाली मुलांचा गाण्याचा आवाज लागतच नाही, तिथे बोलण्याचा आवाज लागतो, आणि बोलण्याच्या आवाजात सूर फारसा वरखाली होत नाही. ती बेसूर आहे असं मी म्हणत होते. खरं तर तिला गाण्याचा आवाज सापडलाच नव्हता आणि तो सापडू नये, अशी व्यवस्था मीच केली होती.

मी पट्टी वर नेली. मग आम्ही घसरगुंडी खेळलो. हाताने हवेत घसरगुंडी काढायची आणि ‘ऊऽऽ’ करत आवाजही तसाच वरून खाली आणायचा, मग खालून वर चढवायचा. यात चूक होतच नाही, त्यामुळे ती खेळली. एक दिवस वरच्या टोकाला तिच्या गळ्यातून एक बारीक, हलका, तिला स्वतःलाही अनोळखी आवाज निघाला आणि तिने दचकून तोंडावर हात ठेवला. त्यानंतर मी तिला माझा सूर धरायला सांगणं सोडलं. ती जो सूर लावेल, तो मी धरायचे. दोन आवाज जवळ असूनही जुळलेले नसले, की मध्ये एक थरथर ऐकू येते. ते जुळले की ती विरते. हे तिने पहिल्यांदा कानाने ऐकलं आणि लगेच म्हणाली, ‘बाई, परत.’ त्या दिवशी आम्ही ते किती वेळा केलं, मी मोजलं नाही.

आता परिपत्रकाबद्दल.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार स्वरचाचणीची. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला उभं करून, समोर तीन मोठी माणसं बसवून, अनोळखी सूर लावायला सांगायचा आणि त्यावरून त्याला गाता येतं की नाही ते ठरवायचं, ही मोजणी कशाची? बहुतेक वेळा धीटपणाची, आणि घरात कोणी गातं का, याची. मुलांची सांगीतिक क्षमता मोजण्याच्या कामात आयुष्य घालवलेले अमेरिकी संशोधक एडविन गॉर्डन (1927–2015) यांचं म्हणणं होतं, की ही क्षमता साधारण नवव्या वर्षापर्यंत घडत असते आणि भोवतालच्या संगीतानुसार वरखाली होते. म्हणजे आपण जी चाळणी लावायला निघालो आहोत, ती नेमकी घडण चालू असतानाच्या वयात. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (1898–1998) यांचा मुद्दा तर याहून साधा होता. प्रत्येक मूल आपली मातृभाषा बोलायला शिकतं, तेव्हा आधी कोणी त्याची परीक्षा घेत नाही. त्यांनीही वाद्य हातात देण्याआधी मुलांची निवड केली नाही. बोबडं बोलणाऱ्या मुलाला आपण ‘तू गप्प राहा, स्पष्ट बोलणारे बोलतील’ असं म्हणत नाही. उलट त्याच्याशी जास्त बोलतो.

जन्मतःच सूर ओळखता न येणारी माणसं असतात, हे खरं आहे. पण ती फार थोडी असतात. आपल्या चाचणीत मागच्या रांगेत जाणारी मुलं म्हणजे ती माणसं नव्हेत. त्यांतल्या काहींची पट्टी चुकीची असेल, काहींना भीती वाटत असेल, काहींनी गाण्याचा आवाज अजून वापरूनच पाहिला नसेल. एखाद्याला नीट ऐकूही येत नसेल. माझ्या वर्गात एक मुलगा होता. सूर लावायची वेळ आली की मान किंचित वळवून उजवा कान पुढे करायचा. मी पालकांना कान तपासून घ्यायला सांगितलं. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहिलं होतं. लहान वयात हे पुष्कळांना होतं आणि वरून काहीच दिसत नाही. स्वरचाचणीत तो नापास झाला असता आणि विषय तिथेच संपला असता.

आणखी एका प्रकारच्या मुलांबद्दल बोलायलाच हवं, कारण चाचणी त्यांच्यावर सगळ्यांत मोठा अन्याय करते. ही मुलं महिनोन्‌महिने गात नाहीत, फक्त बघत बसतात. गेल्या वर्षी पहिलीतला एक मुलगा जून ते सप्टेंबर गोलात माझ्या डाव्या हाताला बसायचा आणि एक शब्दही काढायचा नाही. मी त्याला कधी आग्रह केला नाही. नावं गाण्याच्या खेळात त्याची पाळी आली की मी त्याचं नाव गायची, तो माझ्याकडे बघायचा आणि आम्ही पुढे जायचो. ऑक्टोबरात एकदा तास संपल्यावर तो दाराशी खाली बसून बुटाचा बंद ओढत होता आणि स्वतःशीच जूनमध्ये शिकवलेलं गाणं म्हणत होता. दोन्ही कडवी, सूर पक्के. मी दाराआड उभी राहिले आणि गाणं संपेपर्यंत बाहेर आले नाही. मूल गप्प असतं तेव्हा आत साठा होत असतो. त्या साठ्याला आपण तारीख घालून देणार आहोत का?

दुसरी तक्रार सभागृहाची. आपल्यापैकी कोणीही रिकाम्या सभागृहात मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी आणि तिची शेपूट किती लांब जाते, ते ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा आणि घुमण्याचा काळ साधारण 0.6 सेकंद असावा. साध्या बोलण्यासाठीच हे लागतं, मग सुरांसाठी किती लागेल? गोंगाटात मोठ्या माणसाला अर्धवट ऐकलेला शब्द अंदाजाने पुरा करता येतो. लहान मुलाजवळ तेवढे शब्दच जमा झालेले नसतात. सभागृहात 70 मुलं असली की मी ओरडते. मी ओरडले की मुलं ओरडतात. मग स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून आणखी ओरडतात. जो सूर ऐकू येत नाही तो लागणार कसा? तास संपता संपता निम्म्या मुलांचे घसे बसलेले असतात आणि आपण म्हणतो, मुलं लक्ष देत नाहीत.

जागेचा प्रश्न घुमण्यापुरता नाही. वर्गात आम्ही गोलात बसतो. गोलाला मागची रांग नसते. मला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, प्रत्येकाला माझं तोंड कसं उघडतं ते दिसतं, आणि लाजरं मूल शेजारच्याच्या आवाजाला टेकून गाऊ शकतं. सभागृहातल्या ओळींत शेवटच्या मुलाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. शिवाय मुलांना चालता आलं पाहिजे. जिनिव्हात स्वर-लय शिकवणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) यांना दिसलं होतं, की बोटांनी सफाईने वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अंगात लय उतरलेली नसते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना संगीतावर चालायला लावलं. माझी पहिलीतली मुलं संथ ठेक्यावर हत्तीसारखी आणि द्रुत ठेक्यावर चिमणीसारखी चालतात. ‘लय’ हा शब्द त्यांना मी नंतर सांगते, तोवर ती पायांत आलेली असते. खुर्च्यांच्या ओळींत हे होत नाही.

तिसरी गोष्ट कुलूपबंद वाद्यांची. गोंगाट होतो, हे मला मान्य आहे, पण तो कधी होतो ते पाहा. 35 मुलांसमोर वाद्यांची टोपली उपडी केली आणि ‘वाजवा’ म्हटलं, की होतो. माझ्या वर्गात वाद्य हातात येण्याआधी त्याच्या झोपायची जागा ठरते: मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. मी तळवा जमिनीकडे नेला की वाद्यं झोपतात. हे शिकायला पहिले चार-पाच तास जातात आणि पुढे वर्षभर मला आवाज चढवावा लागत नाही. माझा सगळ्यांत लाडका खेळ लोखंडी त्रिकोणाचा आहे. मी एकदाच वाजवते. सगळे डोळे मिटतात. ज्याला आवाज ऐकू येईनासा होईल, त्याने हात वर करायचा. आधी लांबचे दोन-तीन हात वर होतात, मग मधले, मग अगदी जवळचे. शेवटी एखादी मुलगी भुवया ताणून एकटीच ऐकत बसलेली असते आणि बाकीचे 34 जण श्वास धरून तिच्यासाठी थांबलेले असतात. ‘गप्प बसा’ न म्हणता अशी शांतता मला दुसऱ्या कशातून मिळालेली नाही. तो त्रिकोण आज कपाटात आहे.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमान यांनी मुलांसाठी वापरात आणलेल्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याबद्दलही सांगते, कारण तेही आता कपाटात गेलं आहे. त्याच्या पट्ट्या काढता येतात. मी मध्यम आणि निषाद (म आणि नी) काढून ठेवते. उरतात भूप रागाचे पाच सूर. मग मूल कुठेही वाजवो, कानाला टोचत नाही. ज्या मुलाला दिवसभर वहीवर लाल खुणा दिसतात, त्याला आठवड्यातून 40 मिनिटं असं काही हाती मिळतं, की त्यात चुकण्याची भीती नाही. त्याऐवजी आता ध्वनिमुद्रित गाणं स्पीकरवर लावायचं आहे. ते मोठ्यांच्या पट्टीत आहे, मोठ्यांच्या वेगात आहे आणि मुलांसाठी थांबत नाही.

गृहपाठाबद्दल थोडक्यात. ज्याचं गणित मागे आहे, त्याला आपण गणितासाठी मदत करत नाही, त्याचं गाणं काढून घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं 31 वं कलम मुलाला खेळाचा आणि कलाजीवनात सहभागी होण्याचा हक्क देतं. तो गृहपाठ पुरा केल्यावरच मिळेल, असं त्यात लिहिलेलं नाही.

समितीची अडचण मला कळत नाही, असं नाही. कार्यक्रमाला पाहुणे येतात, पालक चित्रण करतात, शाळेचं नाव असतं. मुलांनी नीट गावं असं मलाही वाटतं, कदाचित तुमच्याहून जास्त. पण त्यासाठी मुलं गाळावी लागत नाहीत, गाणं मुलांच्या मापाचं बेतावं लागतं. पट्टी योग्य ठेवली, सुरांची झेप लहान ठेवली, तर बहुतेक मुलं सुरात येतात. मी नव्या वर्गात नेहमी पंचमावरून गंधारावर (‘प’वरून ‘ग’वर) येणाऱ्या दोन सुरांनी सुरुवात करते. लांबून एकमेकांना हाक मारताना मुलांचा आवाज पुष्कळदा आपसूक तसाच उतरतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीतही मुलं याच दोन सुरांपासून सुरुवात करतात. ज्यांचा सूर अजून जुळत नाही, त्यांनी आधारस्वर धरावा, एखादी ओळ लयीत बोलावी, पायाने ठेका द्यावा. ही कामं गाण्याच्या आतली आहेत, मुलाला बाहेर ठेवण्याची जागा नव्हे. आणि मंचावर एखादा आवाज थोडा वेगळा ऐकू आला, तर तो सहा वर्षांच्या मुलाचा आवाज असेल. त्यात शाळेची नाचक्की कुठे होते?

दर वर्षी पहिल्या पालकसभेत मी पालकांना दोन ओळी गायला सांगते. दर वर्षी काही जण हात जोडतात, ‘बाई, मला नको, माझा गळा नाही.’ हे कोणी सांगितलं म्हणून विचारलं, की उत्तर चटकन येतं. इयत्ता आठवते, बाकाची जागा आठवते, सांगणाऱ्या शिक्षकांचे शब्द जसेच्या तसे आठवतात. त्या वर्षी शिकलेलं गाणं मात्र कोणालाच आठवत नाही. या लोकांनी आपल्या मुलांना झोपवताना काही गायलं नसेल का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो आणि विचारायचा धीर होत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली ते तिसरीची स्वरचाचणी रद्द करावी आणि या इयत्तांतल्या सगळ्या मुलांना आवाजासह मंचावर घ्यावं. ‘ओठ हलवा’ ही सूचना कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही मुलाला देऊ नये, असं लेखी कळवावं.

तुकड्या वेगळ्या कराव्यात आणि तास पुन्हा संगीताच्या वर्गात भरवावा. कार्यक्रमाच्या आधीचे दोन सराव सभागृहात घ्यायला माझी हरकत नाही.

वाद्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्यावी. मोडतोडीची नोंद मी ठेवीन आणि दर महिन्याला समितीला दाखवीन.

शिक्षा म्हणून संगीताचा तास कोणाचाही काढून घेऊ नये.

जे मूल वर्षभरात सुरापर्यंत पोचत नाही, त्याच्या कानांची तपासणी व्हावी, यासाठी पालकांना कळवण्याची एक साधी पद्धत शाळेने ठरवावी. याला पैसे लागत नाहीत, एक चिठ्ठी लागते.

कार्यक्रमासाठी सर्व मुलांना घेऊन काय बसवता येईल, याचा आराखडा मी या पत्रासोबत कार्यालयात दिला आहे. चार गाणी आहेत, प्रत्येकाची पट्टी लिहिली आहे आणि कोणती तुकडी काय करेल, तेही लिहिलं आहे. त्यात बदल सुचवा, मी करीन. उत्तर लेखी हवं आहे, आणि सराव सुरू होण्याआधी.

येत्या बुधवारी तिसऱ्या तासाला माझ्याकडे पहिली आहे. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. खुर्ची मिळणार नाही, गोलातच बसावं लागेल. मुलं आधी तुमचं नाव विचारतील आणि मग दोन सुरांत ते गाऊन दाखवतील. त्यानंतर पाळी तुमची. नाही गायलात तरी कोणी काही म्हणणार नाही, खेळ पुढच्याकडे जाईल.

आपली,
पहिली ते तिसरीची संगीतशिक्षिका